बिसाहिनबाईने मागे घेतलेला हात

देवीला मी नको आहे, असे माझ्या मनाने दोनदा घेतले. पहिल्यांदा चैत्राच्या नवरात्रात, घरातल्या घरात. दुसऱ्यांदा अश्विनाच्या, भर रस्त्यावर, चारचौघांसमोर. त्या दुसऱ्या वेळी मला इतके लागले होते की तिथल्या तिथे जमिनीत जावेसे वाटले. ज्या बाईने मला तेव्हा दूर केले असे वाटले, तिच्यामुळे मी आज हे लिहायला बसले आहे. तोंडाने सांगायला गेले तर अर्ध्यात लाज आडवी येते. कागदापुढे येत नाही, म्हणून लिहिते.

आमचे घर दुर्गजवळच्या खुर्सीपारला. सासरे भंडाऱ्याकडची धानाची शेती भावावर सोडून इथे लोखंडाच्या कारखान्यात लागले, तेव्हापासून आम्ही इथलेच झालो. हे ठेकेदाराकडे भट्टीवर कामाला आहेत. ह्यांना मागे कावीळ झाली होती. डोळे हळदीसारखे, अन्न पोटात ठरेना, अंगावर फक्त कातडे राहिले. एका दुपारी डॉक्टरांनी नुसती मान हलवली, तेव्हा मी दवाखान्याच्या जिन्यात बसून डोंगरावरच्या देवीला, बमलाई मायला, नवस बोलले, की ह्यांना उठव, मी डोंगरगडला पायी येईन आणि तुझ्या पायऱ्या चढून ओटी भरीन. हे उठले. हळूहळू कामालाही लागले. आता फेडायची पाळी माझी होती.

चैत्रात निघायचे ठरले. मोहल्ल्यातल्या बायांसोबत माझी मोठी जाऊही होती. ती दरवर्षी जाते. निघायच्या सकाळी मी आंघोळ करून नवी साडी नेसत होते आणि तेवढ्यात मला पाळी आली. जाऊबाई कपाळाला लाल चुनरी बांधून दारात उभी राहिली आणि म्हणाली, "झाली का वं तयारी?" मी मान वर केली नाही. ती समजून गेली. जाता जाता म्हणाली, "मायनंच नाही बोलावलं तुले. ती बोलावत नाही तवरी कोनी जाऊ शकत नाही, त्याले तू तरी काय करशीन?" ती वाईट मनाने बोलली नव्हती. तिच्या तोंडाला लगाम नाही, पण पोटात काही नसते. मला मात्र ते बोल सहा महिने टोचत राहिले. भांडी घासताना, पाण्याच्या रांगेत उभी असताना, एकच मनात यायचे. ह्यांचा जीव तिने दिला, आणि मला दारात उभे करत नाही. मग माझ्यात काहीतरी तिला न चालणारे असले पाहिजे.

म्हणून अश्विनात मी धोका घ्यायचा नाही असे ठरवले. जाऊबाईच म्हणाली, "थांबवाच्या गोळ्या आणून देईन मी तुले. सगळ्या बाया घेतात. गणपतीत घेतात, लग्नात घेतात, सत्यनारायणाले घेतात. देवाचं काम अडत नाही अन् कोनाले समजत नाही." पितरांच्या पंधरवड्यात सासूबाईंची तिथी असते, तो स्वयंपाक माझ्याकडे. म्हणून तेव्हापासूनच सुरू केल्या. तिथी झाली तरी नवरात्र पुढे होतेच, म्हणून बंद केल्या नाहीत. पाकिटावर सगळे इंग्रजीत होते, ते मला वाचता आले नाही. किती दिवस घ्यायच्या हे दुकानदाराने सांगितले असेलही, पण माझ्यापर्यंत फक्त "थांबवाचं हाये तवरी घे" एवढेच पोचले. गोळ्यांचे पाकीट मी पदराच्या गाठीत बांधून ठेवत असे. ह्यांनाही सांगितले नाही. सांगायचे ते काय?

घटस्थापनेच्या आधी डाव्या पोटरीत कळ येऊ लागली. बसून उठले की पाय जड वाटे. संध्याकाळी पैंजण रुतायचे. मी म्हटले, नस चढली. आमच्याकडे पायाचे काहीही दुखले की नस चढलेली असते, आणि तेल लावून रगडले की ती उतरते. हेही म्हणाले, "अवो, तेल गरम करून चोळून घे." पण नवरात्राची झाडलोट, घटाची तयारी, त्यात ह्यांची भट्टीवर सकाळची पहिली पाळी. चोळायला वेळ सापडला नाही. आता कधी कधी वाटते, तो वेळ मला कोणीतरी मुद्दाम सापडू दिला नाही. पण त्या दिवसांत असे काही मनात आले नव्हते. त्या दिवसांत मी फक्त एवढेच मोजत होते की अजून आली नाही, अजून आली नाही.

निघालो तेव्हा उजाडायचे होते. दुर्ग मागे पडता पडता सूर्य वर आला. रस्त्याच्या एका बाजूने पायी चालणाऱ्यांची रांग, दुसऱ्या बाजूने ट्रक. मांदराचे ढोल वाजवत, देवीची जसगीते म्हणत लोक पुढे जात होते. मी त्या दिवशी पाणीही घ्यायचे नाही असे मनाशी ठरवले होते. पाय दुखतोय म्हणजे चालण्यात कसर राहणार, ती उपासात भरून काढू, असा माझा हिशेब. शिवनाथचा पूल चढताना मला दम लागला. पूल तो केवढासा, चढ तो केवढासा. पण छाती वर वर होऊ लागली. मी कठडा धरून उभी राहिले.

जाऊबाई मागे वळून म्हणाली, "इतक्यातच फुस्स? मायच्या पायऱ्या काय रांगत चढशीन?"

सगळ्या बाया हसल्या. मीही हसले. हसताना बरगडीखाली टाचणी टोचल्यासारखे झाले. चालत राहिले. डावा पाय आता माझा वाटत नव्हता, कोणीतरी ओल्या रेतीचे पोते बांधून दिल्यासारखा मागे ओढत होता.

दुपारी एका सेवा पंडालात थांबलो. ज्यांनी हे पाहिले नसेल त्यांच्यासाठी सांगते. नवरात्रात त्या सगळ्या रस्त्यावर गावचे लोक मांडव घालतात. चहा, खिचडी, सरबत, गोळ्या-मलम सगळे फुकट. पायी चालणारा म्हणजे मायचेच रूप, म्हणून त्याचे पाय धुतात, गरम पाण्याने शेकतात, तेल लावून रगडतात. मोठ्या मोठ्या घरचे लोक खाली बसून अनोळखी माणसाचे पाय मांडीवर घेतात. मला त्याची फार लाज वाटत होती, पण जाऊबाईने ओढून रांगेत बसवले. "बस वं. तुझी नस उतरवून देतीन हे लोक. मंग पाय पाहजो कसा पयते."

माझ्यासमोर जी बाई बसली ती वयाने माझ्या आईएवढी, हाडकुळी, दोन्ही हातांवर हिरवा गोदना, म्हणजे गोंदण. समोर तेलाची वाटी. तिने आधी माझा उजवा पाय घेतला आणि असा काही दाबला की डोळे मिटले. मग डावा घेतला. साडी थोडी वर सरकवली. आणि थांबली.

तिने दोन्ही पाय शेजारी शेजारी ठेवून पाहिले. डावा पाय उजव्यापेक्षा चांगलाच जाड झाला होता. मी इतके नीट कधी पाहिलेच नव्हते. तिने उलटा तळहात पोटरीजवळ नेला, ताप पाहतात तसा. मग नडगीवर अंगठा दाबला. अंगठा काढला तरी खळगा तसाच राहिला. तिचा हात एकदम मागे गेला. तेलाची वाटी तिने दूर सरकवली आणि मोठ्याने म्हणाली, "ए गोड़ ला कोनो हाथ झन लगावव!"

म्हणजे, ह्या पायाला कोणी हात लावू नका.

आजूबाजूची माणसे वळून पाहू लागली. माझ्या मनात त्या क्षणी एकच आले. हिला समजले. मी आत काय थांबवून ठेवले आहे, कसली शुद्धता घेऊन मी मायच्या वाटेवर निघाले आहे, ते हिच्या हाताला समजले. देवीने हिच्या तोंडून मला हाकलले. चैत्रात घरी अडवले होते, आता रस्त्यात अडवले. मी साडी खाली ओढली. डोळ्यांतून पाणी यायला लागले.

जाऊबाईला माझ्यापेक्षा जास्त राग आला. "क्यों दाई, इसके पाँव में काँटे लगे हैं क्या? सबके पाँव दबा रही हो, इसी के क्यों नहीं?"

त्या बाईने जाऊबाईकडे पाहिले नाही. माझ्याकडेच पाहत होती. हळू म्हणाली, "मोर बेटी के गोड़ घलो अइसनेच रिहिस." माझ्या मुलीचा पायही असाच होता.

मग तिने कोणाला काही विचारले नाही. पंडालात पाण्याचे कॅन आणणारी एक छोटी गाडी उभी होती, ती रिकामी करायला लावली. मला चालू दिले नाही, दोन बायांना उचलायला लावले. मागे सतरंजीवर झोपवले. मी जाऊबाईला म्हटले, मी नाही जात, माझा नवस आहे. जाऊबाई गोंधळली होती. पण गाडी सुरू झाली तेव्हा चपला हातात घेऊन तीही चढली. तिची यात्रा माझ्यापायी मोडली. दरवर्षीची यात्रा. त्याबद्दल तिने मला आजवर एक शब्द ऐकवला नाही.

त्या बाईचे नाव बिसाहिन. वाटेत ती माझ्या पायाशी बसली होती, पायाला स्पर्श न करता, गचके लागू नयेत म्हणून दोन्ही बाजूंना गोधडी दाबून धरून. तिनेच सांगितले. तिची मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. बाळंतपण नीट झाले. बाळंतिणीला सकाळ-संध्याकाळ तेल लावून रगडायचे, शेक द्यायचा, हे आपल्याकडे सगळे करतात. तसे ही करत होती. मुलीचा एक पाय सुजला. ती बोलली नाही, सहन करत राहिली. घरच्यांना सूज दिसली तेव्हा वाटले, वात धरला. म्हणून हिने जास्त जोराने रगडायला घेतले. गरम विटेने शेकले. एका सकाळी हिचे हात त्या पोटरीवर असतानाच मुलगी उठून बसली, "दाई, साँस", आई, श्वास, एवढेच म्हणाली, आणि गेली. पाणी आणायलाही वेळ मिळाला नाही. मागाहून दवाखान्यात सांगितले, पायाच्या नसेत रक्ताची गाठ होती, रगडल्याने सुटली आणि वर गेली.

हे सांगताना ती रडली नाही. धान उफणताना बाया बोलतात तसे बोलत होती. शेवटी म्हणाली, की ज्या हातांनी ते झाले ते हात घेऊन घरात बसवत नाही, म्हणून दर नवरात्रात इथे येऊन बसते. एवढ्या वर्षांत हजारो पाय दाबले, असा पाय आज पहिल्यांदा हातात आला.

तेवढ्यात मला श्वास पुरेना. ते कसे असते ते मला नीट लिहिता येणार नाही. नाक उघडे, तोंड उघडे, हवा आत जाते आहे, पण ती पोचत नाही. छातीत सुरी फिरल्यासारखे दुखे. खोकला आला, तोंडात लोखंडाची चव आली. जाऊबाई "अवो, डोळे उघडे ठेव न वं, पाह्य माझ्याकडे" म्हणत माझे गाल थोपटत होती. मी मायचे नाव घ्यायला गेले, पण नावाएवढीही हवा नव्हती. मला वाटले, हेच ते. इथेच, पाण्याच्या गाडीत, ना घरी ना तिच्या दारात.

दवाखान्यात नाकाला ऑक्सिजन लावल्यावर थोडे कळू लागले. पायाची सोनोग्राफी केली, मग एका मोठ्या मशीनमध्ये घालून छाती पाहिली. तोवर हे आणि माझे भासरे, म्हणजे जाऊबाईचे मालक, येऊन पोचले होते. तरुण डॉक्टर होते. त्यांनी हिंदीत विचारले, "कोई गोली चल रही है? पीरियड की, हार्मोन की, कुछ भी?"

मी मान हलवली. नाही.

भासऱ्यांसमोर मी लग्नापासून डोक्यावरचा पदर खाली पडू दिलेला नाही. त्यांच्याशी समोरासमोर कधी बोलले नाही. आणि ते माझ्या उशाशी उभे होते. डॉक्टरांनी पुन्हा विचारले. मी पुन्हा नाही म्हटले. जाऊबाई खाली फरशीकडे पाहत होती, तिचीही जीभ उचलत नव्हती. पाकीट माझ्या पदराच्या गाठीतच होते. मी मनात हिशेब करत होते, की संध्याकाळची गोळी कोणाच्या नजरेआड कशी गिळायची. एक चुकली तर उद्या-परवा येईल, आणि नवरात्र अजून सरायचे आहे. श्वास पोचत नव्हता आणि मी तो विचार करत होते. माणसाचे मन कुठे अडकून बसते ते त्या दिवशी मी पाहिले.

बिसाहिनबाई अजून गेली नव्हती. दाराशी भिंतीला टेकून बसली होती. ती उठली आणि ह्यांना व भासऱ्यांना म्हणाली, "भैया हो, तुमन थोकिन बाहिर जावव." परक्या गावची, परक्या जातीची, पायात चप्पल नसलेली बाई. पण दोघे निमूट बाहेर गेले. मग ती माझ्या कानाशी वाकली. "मोर बेटी घलो लजावत रिहिस," ती म्हणाली. "बोल दे, नोनी."

माझी मुलगीही लाजत होती. सांगून टाक, पोरी.

मी पदराची गाठ दातांनी सोडली आणि पाकीट डॉक्टरांच्या हातावर ठेवले. त्यांनी उलटून पाहिले. कधीपासून, ते विचारले. जाऊबाईने सांगितले, रडत रडत. डॉक्टर रागावले नाहीत. पाकीट खिशात घातले आणि म्हणाले, आता ही गोळी पुन्हा कधीच नाही. हे आत्ता समजले ते बरे झाले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी आम्हाला समजावून सांगितले. बोट कापले की रक्त घट्ट होऊन जखम बंद करते, ती देवाची सोय आहे. तेच रक्त कधी कधी जखम नसताना नसेच्या आत घट्ट होते. एका जागी फार पडून राहिले, शरीर भारी असले, बाळंतपण झालेले असले, पाणी कमी प्यायले, किंवा अशा गोळ्या जास्त दिवस घेतल्या, तर तसे होऊ शकते. सगळ्यांना होत नाही, पण कोणाला होईल ते आधी सांगता येत नाही. पायातली गाठ तुटून तिचा तुकडा रक्तासोबत वर जातो आणि फुप्फुसाच्या नळीत अडकतो. माझ्या छातीत लहान तुकडे पोचले होते. मोठा अजून पायातच होता.

हे ऐकून ह्यांनी मान डोलावली. "म्हंजे रनरमधी माल थिजला," हे म्हणाले. मला पुढे त्यांनीच सांगितले. भट्टीतून लोखंड निघते ते नाल्यातून पाण्यासारखे वाहते. वाहते आहे तोवर ठीक. कुठे मंदावले की तिथेच थिजते, आणि एखादा ढेकूळ सुटून पुढे गेला तर जिथे नाला अरुंद तिथे जाऊन बसतो. मग तिथे हात लावायचा नसतो, घण मारायचा नसतो. डॉक्टरांना ते ऐकून हसू आले. म्हणाले, बरोबर समजलात.

पोटाच्या कातडीत सुया सुरू झाल्या. रक्त पातळ करायचे औषध, असे सिस्टर म्हणाली तेव्हा मी घाबरले. आमच्या घरात एखादी बाई वाळत चालली की तिला "रक्त पातळ झालं" म्हणतात. पातळ रक्त म्हणजे जीव कमी. मी सुई नको म्हणाले. तेव्हा डॉक्टरांनी सांगितले, की ह्या औषधाने रक्त कमी होत नाही, ते फक्त नवी गाठ होऊ देत नाही आणि जुनी वाढू देत नाही. जुनी गाठ शरीर स्वतःच हळूहळू विरघळवते. त्याला वेळ द्यायचा, आणि तोवर सांभाळायचे.

अष्टमीला मला पाळी आली. गोळ्या बंद झाल्या होत्या, वर रक्त पातळ करायची सुई. जी आली ती नुसती आली नाही, पूर आल्यासारखी आली. चादर, गादी, सगळे. सिस्टर दोनदा बदलून गेली. रक्ताची तपासणी झाली. औषध चालू ठेवावे तर हे रक्त जाते, थांबवावे तर ती गाठ वाढते, असे डॉक्टर आपसात बोलत होते ते मला ऐकू येत होते. खालच्या रस्त्यावरून जवारा, म्हणजे देवीपुढे उगवलेले गव्हाचे अंकुर, घेऊन लोक चालले होते, मांदराचा आवाज वर येत होता. जो दिवस मी सहा महिने सोवळा ठेवायला धडपडत होते, त्या दिवशी मी रक्तात पडून होते.

त्या दिवशी मी देवीला फार वाईट बोलले. मनात, पण बोलले. म्हटले, मी काय मागितले होते? तुझ्या दारात स्वच्छ होऊन यायचे होते, एवढेच. त्यासाठी जे केले त्यानेच मला मारते आहेस. घेऊन जायचे तर घेऊन जा, पण हे असे काय.

मग बोलण्याचीही ताकद राहिली नाही. हात जोडावे तर एका हाताला सलाईन, दुसऱ्याला पट्टी. आंघोळ नाही, दिवा नाही, उपास नाही. सिस्टरने जबरदस्तीने बिस्किट खाऊ घातले होते. देवापुढे उभे राहायला माणूस जे जे गोळा करतो त्यातले माझ्याजवळ काहीच उरले नव्हते. मी म्हटले, माय, आता माझ्याजवळ हेच आहे. असंच आहे. आणि तेव्हा, का ते मला सांगता येणार नाही, माझी भीती खाली बसली. कोणी दिसले नाही, आवाज आला नाही. फक्त असे वाटले की मी सहा महिने एका बंद दाराला धक्के देत होते आणि ते दार तर आतल्या बाजूला उघडत होते. मला झोप लागली. बऱ्याच दिवसांत पहिल्यांदा.

संध्याकाळपर्यंत रक्त आटोक्यात आले. डॉक्टरांनी औषधाचे माप बदलले होते, त्याने आले असेल. मी त्यावर वाद घालत नाही. माप बदलायचे त्यांना सुचले, त्यालाही मी हात जोडते.

जाऊबाई तेव्हा उशाशी होती. तिने आपल्या पिशवीतून स्वतःचे तसलेच पाकीट काढले, अर्धे संपलेले, आणि पलंगाखालच्या कचऱ्याच्या डब्यात टाकले. मी पाहिले हे तिला समजले. डोळे पुसत म्हणाली, "मले काय पाहून राहिली? मायच्या पायऱ्या चढाच्या होत्या, तू तं लिफ्टनं वर येऊन बसली. लबाड." मी हसले. बरगडीत दुखले, पण हसले.

घरी आल्यावरही ते सोपे नव्हते. कित्येक महिने गोळ्या, ठरल्या वेळी रक्ताची तपासणी. माझे रक्त गेले म्हणून हे रोज बाजारातून पालक, लाल भाजी, चौलाई आणायचे, आणि मी प्रेमाने खायची. पुढच्या तपासणीत रक्त पुन्हा घट्ट व्हायला लागलेले निघाले. डॉक्टर म्हणाले, भाजी खा, पण एक दिवस टोपलीभर आणि एक दिवस शून्य असे नको, रोज सारखी खा. ही गोळी आणि पालेभाजी एकमेकींच्या उलट ओढतात. ह्यांना फार वाईट वाटले. मी म्हटले, तुम्ही माझ्या जिवासाठीच आणत होता. चुकीच्या वाटेने का होईना, प्रेमच होते. हे बोलताना मला समजले की मायसाठी घेतलेल्या माझ्या गोळ्याही तशाच होत्या, पण ते मी त्यांना सांगितले नाही.

बरी झाल्यावर मी बिसाहिनबाईच्या गावी गेले. तिच्या पाया पडायला वाकले तर तिने खांदे धरून उठवले. अंगणात बसवले, करी चहा दिला, दुधाशिवायचा. मी तिला विचारले, की माझा नवस राहिला, आता डॉक्टर इतके पायी चालू देत नाहीत, मायचे देणे माझ्यावर तसेच आहे का? ती म्हणाली, मला नवसाचे समजत नाही. मी मुलीसाठीही नवस बोलले होते. तू जिवंत दिसतेस, एवढे मला समजते. आणि मग आत जाऊन ती बराच वेळ आली नाही. मी एकटी अंगणात बसून राहिले. तिची मुलगी गेली आणि मी राहिले, ह्याचा अर्थ मला कोणी विचारला तर मी काय सांगू? मायने मला वाचवले म्हणावे, तर तिच्या मुलीला का नाही? हे मी फार वेळा मनात उलटेपालटे केले. उत्तर सापडले नाही. सापडेल असे वाटतही नाही. मला एवढेच दिसते, की त्या बाईचे दुःख वाया गेले नाही, आणि ते वाया गेले नाही ह्यात मी कुठलाही वाटा उचलला नव्हता. मला ते आयते मिळाले.

माझा डावा पाय अजून संध्याकाळी सुजतो. घट्ट मोजा घालावा लागतो. कधी छातीत थोडे टोचले की अंगाला घाम फुटतो. भीती पुरती गेलेली नाही. मोहल्ल्यातली एखादी मुलगी सणासाठी थांबवायच्या गोळ्या घेणार असे कळले, की मी, जी भासऱ्यांसमोर तोंड उघडत नाही, तिला बाजूला नेऊन सांगते, की बाई, आधी डॉक्टरला विचार, मग घे. सांगताना कान गरम होतात, पण सांगते.

मायकडे मी आता काही मागत नाही आणि तिला काही कबूलही करत नाही. मी कशी असेन ते तिला ठाऊक आहे. सकाळी जाग आली की आधी थोडा वेळ तशीच पडून राहते. श्वास आत जातो, पोचतो, बाहेर येतो. मी त्यासाठी काही केलेले नसते. तेवढे पाहून मी मनात तिचे नाव घेते, उठते, आणि ह्यांच्या पाळीच्या डब्यासाठी कणिक भिजवायला घेते.